अज्ञातवास आणि सूड : तेलुगू सूडपटाची मराठी पूर्वपीठिका आणि गिरणगावातील प्रेक्षक

१

मुंबईतील प्रभादेवी हा भाग ज्या देवतेच्या नावाने ओळखला जातो, तिच्याविषयी एक परंपरागत कथा प्रचलित आहे. परकीयांच्या धामधुमीच्या काळात देवीची मूर्ती विहिरीत दडविण्यात आली. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी पाठारे प्रभू ज्ञातीतील एका गृहस्थास स्वप्नात दृष्टान्त झाला, मूर्ती पाण्याबाहेर आली आणि तिच्यासाठी देऊळ उभे राहिले. या कथेत इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा प्रश्न येथे गौण आहे. लक्षात घ्यावयाचा तो तिचा आकृतिबंध. थोर पदावरील व्यक्तीने संकटकाळी आपले स्वरूप झाकून घ्यावे, हीन स्थितीत दिवस काढावेत आणि योग्य वेळ येताच पूर्ण तेजाने प्रकट व्हावे, अशी ही कल्पना आहे. भारतीय कथासाहित्यात तिचे सर्वांत विस्तृत रूप म्हणजे महाभारतातील विराटपर्व होय.

याच प्रभादेवीच्या आसपासच्या गिरण्यांत ज्यांच्या पिढ्या राबल्या, त्यांत तेलुगू भाषिक कामगारांचा भाग लहान नव्हता. या वर्गाच्या करमणुकीत पुढे ज्या बोलपटांना मोठे स्थान मिळाले, त्यांना लोकभाषेत ‘मसालापट’ म्हणतात. मैत्री, विश्वासघात आणि घराण्याचा सूड ही त्यांची ठरलेली सामग्री. सुशिक्षितांच्या दृष्टीने हा प्रकार उथळ, आणि मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने तर परकाही. प्रस्तुत निबंधाचा हेतू या दुसऱ्या समजुतीची तपासणी करणे हा आहे. तेलुगू सूडपटाचा सांगाडा ज्या अज्ञातवासाच्या कल्पनेवर उभा आहे, तिच्या घडणीत मराठी रंगभूमीचा, मराठी मूळ सांगणाऱ्या एका नाटकी घराण्याचा आणि मुंबईच्या चित्रशाळांचा प्रत्यक्ष वाटा आहे. मात्र या प्रवासात मूळ कथेतील एक महत्त्वाचे अंग गळून पडले. ते कोणते आणि त्याचा गिरणगावाच्या इतिहासाशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार शेवटी करावयाचा आहे.

२

तेलुगू वाङ्मयात विराटपर्वाला असाधारण प्रतिष्ठा आहे. अकराव्या शतकात नन्नय भट्टाने महाभारताचे तेलुगू रूपांतर आरंभिले. पहिली दोन पर्वे पूर्ण करून तिसऱ्याच्या काही भागापर्यंत तो आला आणि काम तेथेच थांबले. तेराव्या शतकात नेल्लूरच्या तिक्कनाने ते पुन्हा हाती घेतले, परंतु अर्धवट राहिलेल्या अरण्यपर्वाला हात न लावता त्याने थेट विराटपर्वापासून सुरुवात केली आणि ग्रंथ शेवटास नेला. मधली उणीव पुढे एर्रनाने भरून काढली. तिक्कनाचे विराटपर्व हे त्याच्या नाट्यपूर्ण संवादांसाठी विख्यात आहे. पावसाने ओढ दिली असता विराटपर्वाचे पारायण करावे, असा लोकाचारही आंध्र प्रदेशात होता. एखाद्या कथेची लोकमानसावरील पकड मोजण्यास असा आचार हा चांगला पुरावा असतो.

या पर्वाची घटनारचना थोडक्यात ध्यानात घ्यावी. द्यूतात आप्तांनी फसविल्यामुळे राज्य गेले. बारा वर्षांचा वनवास संपल्यावर तेरावे वर्ष ओळख न देता काढावयाचे आहे. धर्मराज राजाचा द्यूतमित्र होतो, भीम आचारी होतो, अर्जुन नृत्यशिक्षक होतो, द्रौपदी दासी होते. राणीचा भाऊ कीचक द्रौपदीची विटंबना करतो आणि पांडवांपुढे पेच उभा राहतो. ओळख उघड केली तर पण मोडतो, न केली तर कुलस्त्रीची अब्रू जाते. भीम रात्रीच्या अंधारात कीचकाला ठार करतो. पुढे गोग्रहणाच्या प्रसंगी अर्जुन शमीवृक्षावरील शस्त्रे काढतो आणि अज्ञातवास संपतो.

घराण्याच्या वैराचा दुसरा स्रोत ऐतिहासिक आहे. बाराव्या शतकात गुंटूरकडील पलनाडू प्रांतात नलगामराजू आणि त्याचा सावत्र भाऊ मलिदेव यांच्या पक्षांत यादवी झाली. एकीकडे नागम्मा ही कर्तबगार स्त्री, तर दुसरीकडे ब्रह्मनायडू हा प्रधान. कोंबड्यांच्या झुंजीवर पैज लागली, हरलेल्या पक्षाला राज्य सोडून जावे लागले, मुदत संपल्यावर वाटा मागण्यास आलेल्या दूताचा घात झाला आणि कारेमपूडीच्या रणांगणावर दोन्ही बाजूंचा संहार झाला. श्रीनाथ कवीच्या नावावर असलेले ‘पलनाटि वीरचरित्र’ हे काव्य या प्रसंगावर आहे. भाटांच्या गायनातून आणि कारेमपूडी येथील वीरपूजेतून त्याची स्मृती टिकून राहिली. या कथेने महाभारताचा साचा किती निष्ठेने उचलला आहे हे सहज दिसते : द्यूताच्या जागी कोंबड्यांची झुंज, वनवासाच्या जागी हद्दपारी, शिष्टाईच्या जागी दूताचा वध. या विषयावर १९४७ मध्ये बोलपट निघाला. गूडवल्ली रामब्रह्मम यांच्या निधनामुळे अपुरा राहिलेला हा चित्रपट एल. व्ही. प्रसाद यांनी पूर्ण केला. १९६६ मध्ये तीच कथा पुन्हा पडद्यावर आली. तेलुगू सूडपटातील भाऊबंदकी ही चित्रपटलेखकांच्या कल्पनेतून उपजलेली नाही, तिची मुळे इतकी खोल आहेत.

३

या सामग्रीला नाट्यरूप कोणी दिले, हा प्रश्न मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मराठी आणि तेलुगू रंगभूमींचा संबंध जुना आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील शाहजी राजाने सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभी तेलुगू यक्षगाने रचली. त्याच दरबारात ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ यासारखी मराठी नाटकेही निर्माण झाली. तथापि हा संबंध दरबारापुरता होता. गावोगावच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचणारा संबंध जुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८८० च्या सुमारास धारवाडकडील नाटकमंडळ्यांनी आंध्रातील गावांत प्रयोग केले आणि त्यांच्या यशामुळे तेलुगू लेखकांना स्वभाषेत नाटके रचण्याची ईर्ष्या उत्पन्न झाली.

याच वातावरणात १८८५ मध्ये कडप्पा जिल्ह्यातील सुरभी या गावी वनारस घराण्यातील मंडळींनी एक नाटक केले. ते होते ‘कीचकवध’. या प्रयोगातून सुरभी नाटक समाजाची परंपरा सुरू झाली आणि ती एकविसाव्या शतकातही चालू राहिली. हे घराणे ‘आरे’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, महाराष्ट्रातून आंध्रात गेलेल्या समाजातील होय. बाहुल्यांचा व चर्मपुतळ्यांचा खेळ करीत ते गावोगाव हिंडत असत आणि त्यांच्या घरगुती बोलीत मराठीचा अंश टिकून होता. तेलुगू व्यावसायिक रंगभूमीच्या अग्रभागी असलेले घराणे मराठी मूळ सांगणारे असावे आणि त्याने आपला आरंभ कीचकवधाने करावा, ही नुसती योगायोगाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. आपले मूळ ठिकाण सोडून परमुलखात, परभाषेत आणि काहीशा हलक्या मानल्या गेलेल्या व्यवसायात दिवस काढणाऱ्या घराण्याला अज्ञातवासाची कथा जवळची वाटली असल्यास नवल नाही.

सुरभी मंडळीचे आणखी एक वैशिष्ट्य येथे नमूद केले पाहिजे. ही मंडळी म्हणजे एक कुटुंबच होते. आजोबा, मुले, सुना, नातवंडे एकाच रंगमंचावर उभी राहत. मराठी रंगभूमीवर पुरुषच स्त्रीभूमिका करीत होते त्या काळात सुरभीच्या स्त्रिया स्वतः रंगभूमीवर येत. त्यामुळे द्रौपदीची विटंबना हा प्रसंग तेथे घरच्याच सुनेने किंवा लेकीने आणि घरच्याच माणसांसमोर साकार केला जाई. नाटकाचा विषय कुटुंब आणि नाटक करणारी संस्थाही कुटुंब, अशी ही सांगड होती. तेलुगू चित्रपटव्यवसाय पुढे नंदमूरी, अक्किनेनी, दग्गुबाटी, कोनिदेला अशा घराण्यांच्या आधारे वाढला आणि त्यातील सूडपटांत पडद्यावरचे कुटुंब व पडद्यामागचे कुटुंब प्रेक्षकांच्या मनात एकरूप झाले. त्या घटनेचे पूर्वचिन्ह सुरभीत पाहावयास मिळते.

याच विषयाला महाराष्ट्रात वेगळे वळण लागले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला, द्रौपदीत परतंत्र देशाला, संयमी युधिष्ठिरात नेमस्तांना आणि क्षुब्ध भीमात जहालांना पाहिले. सरकारनेही तसेच पाहिले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. खाडिलकरांनी कथेत घटना फारशा बदलल्या नाहीत, बदलला तो सुडाचा धनी. एका घराण्याच्या अपमानाचे परिमार्जन हा विषय राहिला नाही. संपूर्ण समाजाच्या हक्काचा प्रश्न त्या जागी आला. लगेच १९०९ मध्ये त्यांनी ‘भाऊबंदकी’ नाटकात नारायणराव पेशव्यांच्या वधाचा विषय घेतला आणि घरातील विश्वासघात हा राज्याच्या नाशास कसा कारण होतो हे दाखविले. दोन्ही नाटकांत खासगी वैराला सार्वजनिक अर्थ देण्याची एकच दृष्टी आहे. एकाच कथेचे सुरभीतील कौटुंबिक रूप आणि खाडिलकरांचे राजकीय रूप असे दोन फाटे येथे स्पष्ट होतात.

४

रंगभूमीवरून पडद्यावर येताना कीचकाची कथा दोन्ही भाषांच्या प्रदेशांत अग्रभागी राहिली. मद्रासेत नटराज मुदलियार यांनी काढलेला आणि दक्षिणेतील आरंभीच्या मूकपटांत गणला जाणारा चित्रपट ‘कीचकवधम्’ हाच होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील कीचकाच्या वधाचे दृश्य इतके भीषण उतरले होते की, सरकारी नियंत्रकांना ते कापावे लागले. पेंटरांच्या हाताखाली तयार झालेल्या व्ही. शांताराम यांनी प्रभात कंपनीसाठी १९३३ मध्ये तोच विषय पुन्हा घेतला आणि जर्मनीत संस्कार करवून तो रंगीत करण्याचा प्रयत्न केला. याच शांतारामांनी १९४२ मध्ये प्रभादेवीपासून जवळच परळ येथे राजकमल कलामंदिर उभारले.

बोलपटाच्या आरंभी तर तेलुगू आणि मुंबई यांची गाठच पडली. ‘भक्त प्रह्लाद’ हा पहिला संपूर्ण तेलुगू बोलपट मुंबईत अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीत तयार झाला. दिग्दर्शक होते एच. एम. रेड्डी. कथा व नटवर्ग यांसाठी त्यांनी सुरभीकडे धाव घेतली आणि सुरभी कमलाबाई यांनी लीलावतीची भूमिका केली. हा बोलपट ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्याच कृष्णा चित्रपटगृहात प्रथम झळकला. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपटही त्याच सुमाराचा. विषयाच्या दृष्टीने पाहिले तर प्रह्लादकथेतही सूड आहे. विष्णूने मारलेल्या भावाचा बदला घेण्याचा हिरण्यकशिपूचा ध्यास हे तिचे एक मूळ होय. आणि स्तंभात दडलेले दैवत ऐन क्षणी प्रकट होणे हा तिचा शेवट. ‘नरसिंह’ हे नाव पुढील तेलुगू सूडपटांच्या शीर्षकांत वारंवार यावे, यात ही स्मृती असल्याचे दिसते.

‘आलम आरा’ आणि ‘भक्त प्रह्लाद’ या दोन्ही बोलपटांत लहानसहान भूमिका करणारा एक तरुण नट म्हणजे एल. व्ही. प्रसाद. आंध्रातील आपले गाव सोडून तो मुंबईस आला होता आणि चित्रशाळांत पडेल ते काम करून दिवस काढीत होता. याच प्रसादांनी १९४७ मध्ये ‘पलनाटि युद्धम्’ पूर्ण केला आणि १९४९ मध्ये ‘मन देशम्’ या चित्रपटातून नंदमूरी तारक रामराव यांना पडद्यावर आणले. पुढे १९६३ मध्ये ‘नर्तनशाला’ हा विराटपर्वावरील बोलपट निघाला. कमलाकर कामेश्वर राव हे त्याचे दिग्दर्शक. त्यात रामरावांनी अर्जुन म्हणजेच बृहन्नडा, सावित्री यांनी द्रौपदी आणि एस. व्ही. रंगाराव यांनी कीचक रंगविला. या भूमिकेबद्दल रंगारावांचा जाकार्ता येथील आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात गौरव झाला. हा बोलपट तेलुगू पौराणिक चित्रपटांत श्रेष्ठ गणला जातो.

आता यानंतरचा दुवा पाहावा. १९९९ मध्ये ‘समरसिंह रेड्डी’ आणि २००१ मध्ये ‘नरसिंह नायडू’ हे बी. गोपाल यांनी दिग्दर्शित केलेले दोन चित्रपट आले आणि रायलसीमा भागातील घराण्यांच्या वैरावर आधारलेल्या चित्रपटांची लाट उसळली. दोहोंचे नायक रामरावांचे पुत्र बालकृष्ण. पहिल्यात एक प्रबळ पुढारी खोट्या नावाने गड्याचे काम करीत असतो. दुसऱ्यात नायक आरंभी नृत्यशिक्षक म्हणून दिसतो आणि त्याचे पूर्वचरित्र मागाहून उलगडते. ‘नर्तनशाला’तील पित्याची बृहन्नडा ज्यांच्या स्मरणात होती, त्यांना या नृत्यशिक्षकाचा अर्थ सांगावा लागला नसेल. २००२ च्या ‘इंद्र’ मध्ये चिरंजीवी यांचा नायक काशीत भाड्याची मोटार चालवितो, आणि तोही मूळचा रायलसीमेतील मोठ्या घराण्याचा. शमीवृक्षावरून शस्त्रे उतरविण्याचा क्षण या सर्वांत मध्यंतराच्या आसपास येतो. आचारी, दासी, नर्तक यांच्या जागी गडी, सारथी, शिक्षक आले, एवढाच फरक.

५

या उपपत्तीवर एक आक्षेप संभवतो. मसालापटातील सूड हा मुंबईच्या हिंदी चित्रपटांकडून तेलुगूने उचलला, त्यासाठी महाभारतापर्यंत जाण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. या म्हणण्यास आधार आहे. सलीम-जावेद यांच्या ‘जंजीर’ (१९७३) वरून पुढच्याच वर्षी ‘निप्पुलांटि मनिषि’ निघाला. ‘यादों की बारात’ (१९७३) वरून ‘अन्नदम्मुल अनुबंधम्’ (१९७५) आणि ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) वरून ‘राम रॉबर्ट रहीम’ (१९८०) निघाले. मात्र देवघेव एकतर्फी नव्हती. ‘रामुडू भीमुडू’ (१९६४) या तेलुगू बोलपटावरूनच ‘राम और श्याम’ (१९६७) हा हिंदी चित्रपट झाला होता.

दोन्हींच्या रचनेत मात्र मूलभूत भेद आहे. ‘जंजीर’चा नायक लहानपणी आईबापांचा खून पाहतो आणि ती आठवण त्याला छळीत राहते. त्याच्यापाशी दडविण्यासारखे मोठेपण काही नाही. तो शहराचाच पोरका मुलगा आहे. रायलसीमेच्या चित्रपटातील नायक प्रौढ आहे, प्रतिष्ठित आहे आणि त्याने आपले नाव जाणूनबुजून, बहुधा एखाद्या वचनासाठी, झाकले आहे. पहिल्याची कथा स्मरणाची, दुसऱ्याची कथा संयमाची. संयमाचा बांध फुटणे हाच तेथे रसाचा परमोत्कर्ष असतो, आणि हे विराटपर्वातील भीमाचे लक्षण आहे.

मैत्री आणि विश्वासघात या घटकाचीही अशीच दुहेरी परंपरा आहे. महाभारतातील कर्ण-दुर्योधन मैत्री तेलुगू प्रेक्षकांना विशेष प्रिय. ‘दानवीर शूर कर्ण’ (१९७७) मध्ये रामरावांनी कर्ण, दुर्योधन आणि कृष्ण या तिन्ही भूमिका स्वतः केल्या. अधर्माच्या पक्षाला मैत्रीखातर बांधला गेलेला वीर हा त्यामुळे सहानुभूतीचा विषय ठरला. परंतु गिरणगावाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे ती दुसरी परंपरा. ‘बेकेट’ (१९६४) या इंग्रजी चित्रपटात राजा आणि त्याचा जिवलग यांची मैत्री कर्तव्याच्या प्रश्नावर तुटते. या सूत्राचा आधार घेऊन पी. पुल्लय्या यांनी ‘प्राणमित्रुलु’ (१९६७) हा तेलुगू बोलपट काढला. त्यात अक्किनेनी नागेश्वर राव आणि जग्गय्या यांनी दोन मित्रांच्या भूमिका केल्या. एक धनिक, दुसरा गरीब आणि पुढे कामगारांच्या बाजूने उभा राहणारा. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘नमक हराम’ (१९७३) मध्येही तोच पेच आहे. मालकाच्या मुलाचा मित्र संघटना फोडण्याच्या उद्देशाने कामगारांत शिरतो, त्यांचे जीवन पाहून बदलतो आणि अखेर मारला जातो. निष्ठा मित्राशी की ज्यांच्यात राहावे त्यांच्याशी, हा प्रश्न येथे उभा राहतो. चित्रपटाच्या शीर्षकात ‘नमक हराम’ कोणास म्हटले आहे याचे उत्तर प्रेक्षकाच्या बाजूप्रमाणे बदलते. वेष पालटून परक्या वस्तीत राहण्याचे सूत्र येथेही आहे, परंतु प्रकटीकरणातून सूड निष्पन्न न होता मतपरिवर्तन निष्पन्न होते. हा फाटा खाडिलकरांच्या दृष्टीला जवळचा होय. मसालापटाने तो पुढे फारसा वाढविला नाही.

६

आता या कथांच्या प्रेक्षकांकडे वळावे. मुंबईतील तेलुगू वस्ती नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून निजामाच्या मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांनी बेटावरील बांधकामे केली आणि कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरून पडले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाला मुंबईत ज्यांचे साहाय्य मिळाले, त्यांत रामय्या व्यंकय्या अय्यावारू आदी तेलुगू मंडळी होती. पुढे करीमनगर, वरंगळ, नलगोंडा या भागांतील पद्मशाली विणकर सोलापूर व भिवंडीप्रमाणे मुंबईतही आले आणि वरळी, प्रभादेवी, लोअर परळ येथील गिरण्यांत रुजू झाले. महानगरपालिकेने तेलुगू माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविल्या. दादरला आंध्र महासभेसारखी संस्था उभी राहिली. प्रभादेवीत किस्मत चित्रपटगृह होते, आणि दक्षिणेकडील भाषांतील बोलपटांसाठी माटुंग्याचे अरोरा प्रसिद्ध होते.

पद्मशाली हा विणकरांचा समाज. गावी हातमागावर स्वतःच्या नावाने कापड विणणारा कारागीर येथे येऊन साच्यावरचा एक हात झाला. गावात त्याला घराणे होते, कुलनाम होते, जातपंचायतीत बसण्याची जागा होती. गिरणीत होते ते हजेरीपटावरील नाव आणि चाळीतील एका खोलीतील अंथरुणापुरती जागा. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या मराठी कामगाराची स्थितीही याहून वेगळी नव्हती. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाऊन तो वर्षातून काही दिवस आपल्या मूळ ओळखीने वावरत असे. या अर्थाने गिरणगावातील जीवन हा एक दीर्घ अज्ञातवासच होता. गडी म्हणून राबणारा माणूस वस्तुतः मोठ्या घराण्याचा आहे आणि एक दिवस हे जगाला कळणार आहे, ही कथा अशा प्रेक्षकाला रुचली तर ती भोळेपणामुळे रुचली असे म्हणता येत नाही. तिने त्याच्या अनुभवातील अर्धा भाग बरोबर ओळखला होता.

परंतु पुराणातील अज्ञातवासाला मुदत असते. गिरणगावाच्या अज्ञातवासाला ती नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. एल्फिन्स्टन, ज्युपिटर, स्टँडर्ड ही प्रभादेवी परिसरातील नावे इतिहासजमा झाली आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. १९ जुलै २०१८ पासून एल्फिन्स्टन रोड स्थानकाला प्रभादेवी हे नाव देण्यात आले. देवीचे नाव स्थानकाला मिळाले त्या वेळी तिच्या परिसरातील कामगार वस्ती मोठ्या प्रमाणावर पांगलेली होती.

विशेष हे की, तेलुगू सूडपट हिंदी भाषांतराच्या रूपाने घरोघर पोहोचला तो याच ओसरत्या काळात. ‘मास’ (२००४) हा नागार्जुन यांचा चित्रपट ‘मेरी जंग : वन मॅन आर्मी’ या नावाने दूरचित्रवाणीवर अनेकदा दाखविला गेला. पोरका नायक, जिवलग मित्राचा खून आणि त्याचा एकाकी सूड, एवढीच त्याची कथा. यानंतर अशा भाषांतरित चित्रपटांचा ओघ सुरू झाला. ‘बाहुबली’चे दोन भाग (२०१५ व २०१७), ‘आरआरआर’ (२०२२) आणि ‘सालार’ (२०२३) यांनी या प्रकाराला देशव्यापी मान्यता मिळवून दिली. या सर्वांत मूळ सांगाडा कायम आहे. ‘बाहुबली’त राजपुत्र आपले कुल न जाणता वनवासी जमातीत वाढतो. ‘आरआरआर’मध्ये भीम दुसऱ्या नावाने दिल्लीत कारागीर म्हणून राहतो आणि त्याचा मित्र आपला खरा हेतू लपवून सरकारी गणवेश चढवितो. ‘सालार’मध्ये नायक आईच्या शब्दाखातर दूरच्या खाणीच्या मुलखात हात आवरून राहतो, आणि बालमैत्रीचे रूपांतर वैरात होणे हाच कथेचा विषय ठरतो. मैत्री, घात आणि घराण्याचे वैर या तिन्ही धाग्यांची वीण अज्ञातवासाच्या उभ्या धाग्यांवरच झालेली आहे.

७

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष दुहेरी आहे. पहिला असा की, तेलुगू सूडपट महाराष्ट्राला परका नाही. सुरभीचे मराठी मूळ सांगणारे घराणे, धारवाडकडील नाटकमंडळ्या, खाडिलकरांचे नाटक, पेंटर व शांताराम यांची ‘सैरंध्री’, इंपीरियलमधील ‘भक्त प्रह्लाद’ आणि प्रसादांची मुंबईतील उमेदवारी हे दुवे एका ओळीत ठेवले म्हणजे दोन भाषांनी एकच कथा आळीपाळीने हाताळली असे दिसून येते. मराठी रंगभूमीच्या व चित्रपटाच्या इतिहासाची कक्षा महाराष्ट्राच्या राजकीय सीमेवर थांबविणे त्यामुळे इष्ट नाही.

दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. महाभारतात विराटपर्वानंतर उद्योगपर्व येते. अज्ञातवास संपल्यावर पांडव सूड घेऊन स्वस्थ बसत नाहीत. ते आपला वाटा मागतात, अर्धे राज्य न मिळाल्यास निदान पाच गावे मागतात, आणि ती मागणी भर सभेत मांडली जाते. कीचकवध हा रात्रीचा, खासगी व्यवहार असतो. शिष्टाई हा दिवसाचा, सार्वजनिक व्यवहार असतो. पलनाडूच्या कथेतही मुदत संपल्यावर वाटा मागणारा दूत आहे. खाडिलकरांनी तर कीचकवधातच उद्योगपर्वाचा आशय भरला. सूडपटाने मात्र कथा कीचकाच्या प्रेतापाशी थांबविली. दुष्ट मरतो, घराण्याची अब्रू राखली जाते, परंतु वाट्याचा प्रश्न कोणी विचारीत नाही. विश्वासघात हा तेथे एका माणसाचा दोष असतो आणि त्या माणसाबरोबर तो संपतो.

गिरणगावातील विश्वासघात या जातीचा नव्हता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने बंद गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते : एक मोकळ्या जागेसाठी महानगरपालिकेला, एक घरांसाठी गृहनिर्माण मंडळाला आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त मोकळ्या भूभागापुरती मर्यादित झाली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. येथे मारण्यासारखा कीचक कोणी नव्हता, होता तो नियमातील एका शब्दाचा अर्थ. कामगारांच्या वारसांनी घरांसाठी काढलेले मोर्चे आणि केलेले अर्ज हे या कथेचे उद्योगपर्व होय, आणि ते पडद्यावर क्वचितच आले.

याचा अर्थ मसालापट पाहणारा प्रेक्षक फसला, असा नव्हे. आपण दिसतो त्याहून मोठे आहोत, हे भान त्या कथेने त्याच्या मनात जागे ठेवले, आणि प्रतिकूल काळात असे भान ही लहान गोष्ट नसते. परंतु भान आणि हक्क यांत अंतर आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने या चित्रपटांकडे केवळ अभिरुचीचा प्रश्न म्हणून पाहू नये. कोणत्या समाजाने आपल्या कथेतील कोणता भाग जपला आणि कोणता गाळला, याचा तो लेखी पुराव्याइतकाच बोलका दाखला आहे. विहिरीत दडलेली देवी बाहेर आली, तेव्हा तिला देऊळ मिळाले. तिच्या परिसरात अज्ञातवास काढून गेलेल्या विणकरांना काय मिळाले, हे शोधण्यासाठी चित्रपटाच्या जोडीला जमिनीचे दप्तरही उघडावे लागेल.